दम्याचा पंप: कोणता घ्यावा, कसा ओढावा, कुठे चुकतं

"पंप घेतोय की, पण काय फरक नाही." दम्याच्या पेशंटकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. यावर डोस वाढवण्याआधी किंवा औषध बदलण्याआधी एक गोष्ट करायची असते. पंप पेशंटच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "घेऊन दाखवा." बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. टोपण काढलं, पंप तोंडात धरला, दाबला आणि मग श्वास घ्यायला सुरुवात केली. ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा फवारा बाहेर आला. औषध जिभेवर आणि टाळूवर बसलं, तिथून पोटात गेलं. फुप्फुसापर्यंत जवळजवळ काहीच पोचलं नाही. अशा माणसाला औषध बदलून देऊन काय होणार?

माझं ठाम मत आहे की पंप निवडताना औषधाच्या नावाइतकाच तो ओढणाऱ्याचा श्वास आणि हात बघायला हवा. तेच औषध तीन-चार प्रकारच्या साधनांत मिळतं. कुणाला कोणतं साधन झेपेल हे ठरवणं हीच खरी निवड, आणि घाईच्या ओपीडीत नेमकं तेवढंच राहून जातं.

कोल्हापूर भागात हा विषय घरोघरी आहे. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल धरते, कपाटाच्या मागे बुरशी येते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे तर कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. पाऊस संपला की गुऱ्हाळं पेटतात. चुलवाणात चिपाड घालणाऱ्या माणसाच्या छातीत रोज किती धूर जातो ते तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. त्यात ऊसतोडीनंतर पाचट जाळण्याचा धूर. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतली वाळूची धूळ, इचलकरंजीच्या मागांवरची कापसाची तूस. आणि आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आज्ज्या, ज्यांनी विडीला कधी हात लावला नाही तरी साठीत जिना चढताना धाप लागते. त्यांना दमा असेलच असं नाही. बऱ्याच जणींना सीओपीडी असतो, म्हणजे धुरामुळे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होणं. दोन्हींत पंप लागतो, पण औषधांचा क्रम वेगळा असतो. म्हणून एकदा तरी स्पायरोमेट्री करून घ्यावी. नळीत जोरात फुंकायची ही साधी तपासणी आहे. आधी फुंकायचं, मग पंप घेऊन १५-२० मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. दुसऱ्या वेळी आकडा चांगला वाढला तर दम्याकडे बोट जातं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी असेल आणि पंपानंतरही तशीच राहिली, तर सीओपीडीकडे.

आता "पंपाची सवय लागते" या भीतीबद्दल. ही भीती घालवायला आकडे पुरेत. साल्ब्युटामॉल या नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची येते. ४ मिलिग्रॅम म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका पफमध्ये, म्हणजे एकदा दाबल्यावर सुटणाऱ्या फवाऱ्यात, तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असतं. दोन पफ घेतले तरी २००. म्हणजे "पंप नको, साधी गोळीच द्या" म्हणणारा माणूस वीसपट औषध मागत असतो. ते रक्तातून अंगभर फिरतं, म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडतं. नळ्यांची सूज कमी करणाऱ्या स्टिरॉइडचंही तसंच. प्रेडनिसोलोनची १० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. ब्युडेसोनाइडच्या पंपात एका पफला १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम असतं. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे आकड्याला आकडा लावून हिशोब होत नाही. पण पंपातलं औषध थेट नळ्यांवर पडत असल्यामुळे इतक्या थोड्यात काम होतं. गावाकडे दर महिन्या-दीड महिन्याला स्टिरॉइडची एक सुई मारून घ्यायची आणि तेवढ्यावर हंगाम काढायचा, ही पद्धत मात्र खरोखर घातक आहे. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि नळ्यांची सूज आतल्या आत चालूच राहते.

पंपातली औषधं ढोबळमानाने दोन कामांची. एक तात्काळ नळ्या मोकळ्या करणारं: साल्ब्युटामॉल, लेव्होसाल्ब्युटामॉल. पाच मिनिटांत बरं वाटतं, चार-सहा तास टिकतं. दुसरं रोज घ्यायचं, सूज कमी करणारं: ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन यांसारखी स्टिरॉइडं, बहुधा फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल या लांब टिकणाऱ्या औषधाबरोबर एकत्र. स्टिरॉइडचा परिणाम जाणवायला आठवडा-दोन आठवडे जातात. तिसऱ्या दिवशी "हा पंप काय कामाचा नाही" म्हणून तो बाजूला पडतो आणि लगेच बरं वाटणारा निळा पंप खिशात राहतो, ही नेहमीची गोष्ट. दमा तिथेच हाताबाहेर जायला लागतो. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं देणाऱ्या 'जिना'ने २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे की मोठ्या माणसांनी आणि १२ वर्षांवरच्या मुलांनी नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा काढू नये. त्याऐवजी ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉलचा एकच पंप रोजचा म्हणूनही आणि त्रास झाल्यावर म्हणूनही वापरता येतो, कारण फॉर्मोटेरॉल लांब टिकतं तसं लवकरही लागू पडतं. साल्मेटेरॉलच्या पंपाचं तसं नाही. तो सावकाश लागू पडतो, म्हणून धाप लागल्यावर दोन-दोनदा ओढायचा नाही. कोणता पंप जादा घ्यायला चालतो आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे डॉक्टरांकडून फाइलवर लिहूनच घ्या.

रंगावर मात्र विसंबू नका. निळा म्हणजे तात्काळचा, हे पुष्कळदा खरं ठरतं, पण आपल्याकडे प्रत्येक कंपनी रंगाचा नियम पाळतेच असं नाही. नाव वाचा. घरात वाचता न येणारं कुणी असेल तर रोजच्या पंपाला रबर बँड गुंडाळून ठेवा.

निळा पंप किती संपतो यावरून दमा कसा आहे ते कळतं. एका डब्यात २०० पफ असतात. वर्षाला तीन किंवा जास्त डबे लागत असतील तर अटॅक येण्याचा धोका वाढलेला आहे, आणि महिन्याला एक लागत असेल तर जिवाचा धोका वाढलेला आहे. आठवड्यात दोनदापेक्षा जास्त वेळा पंप लागणं, रात्री खोकल्याने किंवा धापेने जाग येणं, नेहमीचं काम करताना थांबावं लागणं, यातलं काही गेल्या चार आठवड्यांत झालं असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आता साधनं. फवाऱ्याचा पंप म्हणजे धातूचा डबा आणि त्याला प्लास्टिकचं कव्हर. त्यात औषध वायूच्या दाबाने बाहेर फेकलं जातं. ते वेगाने येतं, म्हणून श्वास हळू हवा. पावडरीचा पंप म्हणजे आपल्याकडे मुख्यतः कॅप्सूल घालायचा रोटाहेलर, रिव्होलायझर, लुपीहेलर. यात दाब नसतो. पावडर उडवून आत न्यायचं काम तुमच्या श्वासाचं, म्हणून तो जोरात आणि खोल हवा. एकात हळू, दुसऱ्यात जोरात. एकाच पेशंटला सकाळ-संध्याकाळसाठी कॅप्सूलचा आणि अडचणीसाठी फवाऱ्याचा पंप लिहिला जातो आणि तो दोन्हींत एकसारखाच श्वास घेतो. एक तरी नक्की वाया जातो. जमेल तेवढं दोन्ही औषधं एकाच प्रकारच्या साधनात मागावीत.

कुणाला काय? चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर फवाऱ्याचा पंप, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्या मध्ये बसणारी प्लास्टिकची पोकळ नळी) आणि मास्क. याला पर्याय शोधत बसू नये. चार ते सहा वर्षांत मास्क काढून तोंडात धरायची नळी जमते. सहाच्या पुढे काही मुलांना कॅप्सूल ओढायची ताकद येते, पण करून दाखवल्याशिवाय गृहीत धरू नका. म्हाताऱ्या माणसांत दोन अडचणी असतात: बोटांत डबा दाबायची ताकद नसते, किंवा दाबणं आणि ओढणं यांचा मेळ बसत नाही. त्यांना स्पेसर द्यावा, किंवा श्वास घेतला की आपोआप सुटणारा पंप. संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या आज्जींना छोटी कॅप्सूल डबीतून काढून भोकात बसवायला लावणं हा अन्याय आहे. सीओपीडी फार वाढलेल्या माणसाला जोरात ओढताच येत नाही. त्यालाही पावडर नको. बाकी तरण्याताठ्या माणसाला, ज्याला फवाऱ्याचा मेळ बसत नाही पण श्वास दमदार आहे, त्याला कॅप्सूल उत्तम आणि सहसा स्वस्तही पडते.

फवाऱ्याचा पंप घ्यायची पद्धत नीट सांगतो. टोपण काढल्यावर आधी आत बघा. खिशात किंवा पर्समध्ये टोपणाशिवाय फिरलेल्या पंपात सुपारीचा तुकडा, नाणं, झुरळाचं पिल्लू, काहीही सापडतं आणि ते थेट श्वासनळीत जाऊ शकतं. मग चार-पाच वेळा हलवा, कारण औषध खाली बसतं. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर दोन ते चार फवारे हवेत सोडा. नक्की किती ते खोक्यातल्या कागदावर असतं. बसून किंवा उभं राहून, हनुवटी किंचित वर. पंपाकडे नाही, बाजूला तोंड करून श्वास सावकाश पूर्ण सोडा. डबा वर, नळी खाली, असा सरळ धरा. नळी दातांच्या मध्ये आणि ओठ घट्ट बंद. जीभ नळीच्या खाली. आता तोंडाने हळूहळू श्वास घ्यायला सुरुवात करा आणि सुरुवात होताच एकदा दाबा. दाबल्यावर श्वास थांबवायचा नाही. चार-पाच सेकंद तो तसाच संथ आत जात राहिला पाहिजे. गार फवारा घशाला लागला की पुष्कळांचा श्वास आपोआप थांबतो किंवा नाकाने सुरू होतो. तिथेच औषध वाया जातं. पूर्ण भरल्यावर पंप काढा, तोंड मिटा, मनात दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरा पफ असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून. एका श्वासात दोनदा दाबून वेळ वाचत नाही, औषध वाया जातं.

आरशासमोर करून बघा. तोंडातून, नाकातून किंवा नळीच्या वरून पांढरं काही निघताना दिसलं तर पद्धत चुकली. अगदी बरोबर घेतला तरी फवाऱ्यातलं दहा ते वीस टक्के औषधच फुप्फुसात पोचतं. बाकीचं घशात राहतं. चुकीच्या पद्धतीत किती उरत असेल याचा अंदाज करा.

म्हणूनच स्पेसर. घसरलेल्या पंपाला पुन्हा रुळावर आणायला याच्याइतकं साधं दुसरं काही नाही, तरी मोठी माणसं तो लहान मुलांचा म्हणून नाकारतात. प्लास्टिकच्या त्या पोकळीत फवाऱ्याचा वेग मरतो, मोठे थेंब भिंतीला चिकटतात आणि बारीक कण हवेत तरंगत राहतात. श्वास जुळवायची घाई उरत नाही, घसाही वाचतो. एक पफ सोडायचा, दोन-तीन सेकंदांत एक संथ खोल श्वास आणि दहा अंक रोखायचा. रोखणं जमत नसेल तर नळी तोंडातून न काढता पाच-सहा साधे श्वास. चार पफ एकदम आत सोडून एकदा ओढणं चुकीचं, प्रत्येक पफ वेगळा. काही स्पेसर फार जोरात ओढलं की शिट्टी वाजवतात. ती शाबासकी नसते, हळू घ्या अशी सूचना असते. बाळाला मास्क लावताना नाक आणि तोंड दोन्ही झाकून कडा गालाला टेकलेल्या हव्यात. बोटभर फट राहिली तरी औषध बाहेर जातं. रडणाऱ्या बाळाला धरून बळजबरीने दिलेल्या पफमधलं फार थोडं आत पोचतं. त्याला मांडीवर घेऊन आधी मास्कशी खेळू द्या.

नवा साधा प्लास्टिक स्पेसर काढून तसाच वापरला तर स्थिर विजेमुळे औषध भिंतीला चिकटतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून त्यात बुडवा, निथळत ठेवा, कापडाने पुसू नका. पुसलं की वीज परत येते. महिन्यातून एकदा असं करा आणि वर्षाने बदला. स्पेसर विकत घेणं जमतच नसेल तर ५०० मिलिलिटरची स्वच्छ, कोरडी प्लास्टिकची पाण्याची बाटली चालते. हा गावठी जुगाड नव्हे. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर याची चाचणी झाली आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं की अशी बाटली नेहमीच्या स्पेसरइतकीच कामाची ठरते. बाटलीच्या बुडाला पंपाच्या नळीच्या मापाचं, तंतोतंत तिच्याच आकाराचं भोक हवं. जाड तार वाकवून नळीच्या तोंडासारखा आकार करायचा, गॅसवर तापवून बुडावर टेकवायची की भोक स्वच्छ पडतं. कातरीने कापलेल्या भोकाला फटी राहतात आणि प्लास्टिकचे कपचे आत पडतात, ते झटकून, धुऊन घ्यायचे. पंप बुडात बसवायचा, बाटलीचं तोंड आपल्या तोंडात.

कॅप्सूलचा पंप. रोटाहेलर घ्या: पारदर्शक, दोन भागांचा, वरच्या कडेला चौकोनी भोक. कॅप्सूलचं एक टोक रंगीत, एक पारदर्शक. पारदर्शक टोक आधी आत घालायचं, दाबायचं, वरची कड भोकाच्या कडेशी सपाट झाली पाहिजे. अर्धी वर राहिली तर फिरवताना ती उघडत नाही, नुसती चेपते. मग खालचा भाग थांबेपर्यंत फिरवा. आत कॅप्सूलचे दोन भाग होतात आणि पावडर सुटते. इथून पुढे पंप उलटा करायचा नाही, हलवायचा नाही. तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडा. पंपात फुंकर गेली तर तोंडाची वाफ पावडरीला लागते आणि ती गुठळी होऊन चिकटते. मग ओठ घट्ट, आणि सुरुवातीपासूनच जोरात, खोल ओढा. हळू सुरू करून शेवटी जोर लावण्यात अर्थ नाही. पावडर पहिल्या झटक्यात उडाली पाहिजे. दहा अंक रोखा. उघडून बघा: पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा, आणि रिकामी टरफलं काढून टाका. रिव्होलायझरमध्ये कॅप्सूल फुटत नाही, तिला सुईची भोकं पडतात. ओढताना ती आत गरगरते आणि खुळखुळ आवाज येतो. आवाज आला नाही तर कॅप्सूल अडकली आहे किंवा श्वासाला जोर नाही.

पावडर गोड लागते ती लॅक्टोजमुळे. फवाऱ्यात लॅक्टोज नसतं, म्हणून गोड लागत नाही, याचा अर्थ औषध नाही असा नाही. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारी माणसं थोडीथोडकी नाहीत. मेडिकलवाल्याने डबी हातात ठेवताना "ही गिळायची नाही, ओढायची" एवढं सांगितलं तरी पुष्कळ महिने वाचतील.

आपल्याकडचा पावसाळा कॅप्सूलचा शत्रू आहे. डबी उघडी राहिली की कॅप्सूल ओल धरते, मऊ होते, फुटायऐवजी वाकते, आतली पावडर भिंतीला चिकटते. डबीतली पांढरी छोटी पुडी ओल शोषणारी असते, ती फेकू नका. कोरड्या हाताने एकच कॅप्सूल काढा, लगेच झाकण. आठवड्याच्या कॅप्सूल आधीच काढून गोळ्यांच्या डबीत भरणं पावसाळ्यात तरी नको. डबी मोरीच्या किंवा बेसिनच्या फळीवर नको, स्वयंपाकघरात वाफ लागते तिथेही नको. रोटाहेलर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा वेगळा करून वाहत्या पाण्याखाली धुवा, पण जुलैत तो एका रात्रीत वाळत नाही. अशा वेळी दोन ठेवा. एक वाळेपर्यंत दुसरा. ओल्या पंपात टाकलेला डोस वाया गेलाच समजा.

फवाऱ्याच्या पंपाचं धातूचं डबं कधीच धुवायचं नाही. ते बाहेर काढायचं आणि प्लास्टिकचं कव्हर आठवड्यातून एकदा कोमट पाण्याखाली दोन्हीकडून धुवायचं. कव्हरच्या आत डब्याची दांडी बसते तिथे सुईच्या टोकाएवढं भोक आहे. त्याच्याभोवती पांढरा थर साचतो, फवारा तिरका किंवा बारीक येतो आणि लोक पंप संपला म्हणून फेकतात. पिन घालून उकरू नका, भोक मोठं झालं की फवाऱ्याचे थेंब मोठे होतात. पाण्यानेच निघतो तो. आणि हो, उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत पंप ठेवू नका. दाबाखालचा डबा आहे, तीस अंशांच्या आत ठेवायचा असतो. संपल्यावर तो चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नये, फुटतो.

संपला की नाही कसं कळायचं? मागे आकडा दिसणारा पंप असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पाण्यात तरंगतो का बघणं किंवा कानाशी हलवून आवाज ऐकणं, दोन्ही खोटं. औषध संपल्यावरही वायू उरतो, तो हलतोही आणि फवाराही दिसतो. हिशोब करा. १२० पफचा पंप, सकाळी दोन आणि रात्री दोन, म्हणजे ३० दिवस. सुरू केल्याची तारीख मार्करने डब्यावर लिहा आणि संपायची तारीख कॅलेंडरवर. जनऔषधी केंद्रात पंप स्वस्त मिळू शकतात, तिथे विचारावं. पण तिथे किंवा कुठेही पंपाचा प्रकार बदलून मिळाला तर दुकानातून निघायच्या आधी नवा कसा घ्यायचा ते समजून घ्या, आणि एका कंपनीची कॅप्सूल दुसरीच्या पंपात घालू नका.

स्टिरॉइडच्या पंपानंतर पाण्याने खळखळून चूळ भरून, गुळण्या करून थुंकायचं, गिळायचं नाही. नाहीतर आवाज बसतो, जिभेवर आणि टाळूला पांढरे डाग येतात. दात घासायच्या आधी पंप घ्यायची सवय लावली की हे आपोआप होतं.

वाफेचं मशीन म्हणजे नेब्युलायझर घरात घ्यायची हल्ली फॅशन आहे. ते पंपापेक्षा जास्त ताकदीचं असतं हा गैरसमज. साध्या अटॅकमध्ये स्पेसरमधून घेतलेला पंप तेवढंच काम करतो, वीज लागत नाही, आणि मशीनला जिथे आठ-दहा मिनिटं लागतात तिथे दोन-तीन मिनिटांत होतो. मशीन असेलच तर कप आणि मास्क प्रत्येक वेळी धुऊन पूर्ण वाळवा, औषधात नळाचं पाणी कधीच मिसळू नका, सलाइनच. अल्ट्रासॉनिक प्रकारच्या मशीनमध्ये ब्युडेसोनाइड नीट उडत नाही.

तालमीतल्या आणि फुटबॉलच्या पोरांसाठी दोन शब्द, कारण या गावात ते लागणारच. दमा आहे म्हणून माती सोडायची गरज नाही. पळाल्यावर छाती आवळत असेल तर सरावाच्या १५ मिनिटं आधी डॉक्टरांनी सांगितलेला पंप घ्यावा आणि अंग हळूहळू तापवावं. रोजच हे लागत असेल तर मूळ दमा ताब्यात नाही असं समजावं. स्पर्धेत उत्तेजक चाचणी होत असेल तर हे लक्षात ठेवा: पंपातून साल्ब्युटामॉल २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, पण कोणत्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही, म्हणजे सहा पफ. गोळी किंवा खोकल्याच्या सिरपमधून घेतलेलं तेच औषध मात्र बंदीत येतं, आणि पुष्कळ सिरपमध्ये ते असतं. बाटली वाचल्याशिवाय घोट घेऊ नका.

चैत्रात जोतिबाला जाणाऱ्यांनी तात्काळचा पंप वरच्या खिशात ठेवावा, गाडीत नको. गुलालाच्या ढगात आणि गर्दीत गाडीपर्यंत परतायला अर्धा तास लागतो. मास्क लावा. आणि पावसाळा किंवा गुऱ्हाळाचा हंगाम येण्याआधी "आता बरं आहे" म्हणून रोजचा पंप स्वतःहून बंद करू नका. दमा किमान तीन महिने शांत असेल तर डॉक्टर डोस कमी करतात, तोही पायरीपायरीने.

अटॅक आला तर काय, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, अगदी शाळेत जाणाऱ्या मुलालाही. माणसाला आडवं झोपवू नका, टेकवून ताठ बसवा, कपडे सैल करा. स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचा एक पफ, चार श्वास. पुन्हा हलवून एक पफ, चार श्वास. असे चार पफ. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार. तरीही नसेल तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवा. थांबू नका, एवढ्याने औषध जास्त होत नाही. एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, माणूस सुस्तावत असेल, तर चार मिनिटांचीही वाट न बघता आधी फोन. घरघर अचानक थांबली आणि धाप तशीच राहिली तर बरं वाटतंय असं समजू नका. हवा आत जाणंच बंद होत आलंय. ऑक्सिमीटर असेल तर बोटाला लावा, दम्याच्या माणसात आकडा ९२ च्या खाली म्हणजे थेट दवाखाना. निघताना वापरातले सगळे पंप पिशवीत टाका, आणि पहिला पफ किती वाजता दिला, आतापर्यंत किती झाले, ते एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.